गर्व, अभिमान आणि माज : मराठीतील प्रौढीवाचक शब्दांचा एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू’ हे इंग्रजी वाक्य मुंबईच्या उपनगरांतील मराठी घरांना आता परके राहिलेले नाही. दहावीचा निकाल लागला, मुलीला पहिली नोकरी लागली, मुलाला स्नेहसंमेलनात बक्षीस मिळाले, की मुलुंड-बोरिवलीकडचे आईवडील ते सहज उच्चारतात आणि पुष्कळदा इंग्रजीतच उच्चारतात. त्याच घरातील आजीच्या तोंडी अशा प्रसंगी ‘नाव काढलंस’, ‘पांग फेडलेस’, ‘सोनं केलंस’ असे उद्गार असत. दोहोंमागील आनंद एकाच जातीचा आहे. वाक्यांची घडण मात्र एक नाही. इंग्रजी वाक्याचा कर्ता बोलणारा आहे आणि ते वाक्य त्याच्या मनःस्थितीविषयी सांगते. मराठी उद्गारांचा कर्ता समोरचा आहे आणि ते उद्गार त्याच्या कृतीविषयी सांगतात. बोलणाऱ्याला काय वाटले हे मराठीत अध्याहृत राहते.

इंग्रजी भाषक अभिमान आणि बढाई यांसाठी जे शब्द योजतात त्यांच्या शेजारी मराठीतील शब्द ठेवून पाहिले असता एक प्रश्न पुढे येतो. स्वतःच्या गुणांविषयी स्वतःच बोलण्याची वेळ आली असता मराठी भाषकाला कोणते शब्द उपलब्ध असतात आणि ते त्याला कितपत साथ देतात? हा प्रश्न केवळ कोशकारांच्या जिज्ञासेचा नाही. नोकरीची मुलाखत, परदेशी विद्यापीठाला पाठवायचे उद्देशपत्र, महाविद्यालयाचा स्व-अध्ययन अहवाल, अध्यापकाचा पदोन्नतीचा अर्ज या सर्व ठिकाणी आज माणसाला प्रथमपुरुषी आपले मोठेपण मांडावे लागते. ज्याला ते मांडता येत नाही त्याचे नुकसान होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने मराठीच्या अंगाने केला आहे.

एका शब्दाची अनेक घरे

‘गर्व’ आणि ‘अभिमान’ हे दोन्ही शब्द संस्कृतातून आले आणि उत्तरेतील बहुतेक भाषांत स्थिरावले. मराठीने त्यांच्यात स्पष्ट वाटणी केली. ‘गर्वाचे घर खाली’ ही म्हण शाळकरी वयातच कानावर पडत असल्याने गर्व हा दोष आहे याविषयी मराठी मुलाच्या मनात संदेह राहत नाही. देशाभिमान, भाषाभिमान, स्वाभिमान असे समास मराठीत मुबलक आहेत. ‘देशगर्व’ किंवा ‘भाषागर्व’ असे समास कोणी करीत नाही. हिंदीत नेमका उलट व्यवहार दिसतो. तेथे ‘गर्व’ देशाचा, सैन्याचा, मुलांचा असू शकतो आणि तो सांगण्यात कमीपणा नसतो. ‘अभिमान’ मात्र बऱ्याचदा अहंकाराकडे झुकतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या १९७३ च्या ‘अभिमान’ या हिंदी चित्रपटाचा विषय पत्नीची कीर्ती सहन न होणाऱ्या गायक पतीचा दुखावलेला अहंभाव हा आहे. मराठी प्रेक्षकाने तो पाहिला आणि नावासह स्वीकारला. परंतु त्या नावाचा अर्थ त्याला हिंदीतून समजून घ्यावा लागला. बंगालीत याच शब्दाचा अर्थ आणखी निराळा आहे. जवळच्या माणसाने उपेक्षा केली म्हणून मनात दाटलेली नाराजी, मराठीत ज्याला रुसवा म्हणता येईल तो भाव, बंगाली माणूस ‘अभिमान’ या शब्दाने व्यक्त करतो. ‘बढाई’चीही अशीच गंमत आहे. हिंदीत एखाद्याची ‘बडाई’ करणे म्हणजे त्याची स्तुती करणे. मराठीत बढाई मारली जाते, आणि ती नेहमी स्वतःचीच असते.

ही वाटणी उपनगरांत रोज तपासली जाते. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या परिसरांत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी एकाच जिन्यात आणि एकाच वर्गात बोलल्या जातात. १९८० च्या दशकात, विशेषतः १९८७ च्या विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणुकीच्या काळात, ‘गर्व से कहो हम हिंदू हैं’ ही घोषणा या भागात घुमली. तिचा राजकीय इतिहास येथे अप्रस्तुत आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यातील एक गोष्ट लक्षणीय वाटते : मराठीचा आग्रह धरणाऱ्या शहरातही ती घोषणा हिंदीतच राहिली. ‘गर्वाने सांगा’ असे तिचे मराठी रूप रुळले नाही, कारण त्या शब्दामागून ‘घर खाली’ ही सावली लागलीच आली असती. पुढे ‘आम्हाला गर्व आहे’ ही रचना जाहिरातींच्या अनुवादांतून, दूरचित्रवाणीवरील निवेदनांतून आणि विद्यार्थ्यांच्या निबंधांतून मराठीत शिरली. मराठीचा अध्यापक त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून ‘अभिमान’ लिहितो. ही दुरुस्ती योग्य आहे. परंतु विद्यार्थ्याला ‘गर्व’ का जवळचा वाटला याचे उत्तर त्या रेघेत नाही.

मराठी साहित्यात ‘गर्व’ सन्मानाने आलेला एक ठळक अपवाद आहे. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील एका प्रसिद्ध कवितेचे शीर्षक ‘कोलंबसाचे गर्वगीत’ असे आहे. येथे ‘अभिमानगीत’ हा शब्द चालला नसता. अभिमान कशाचा तरी, कोणाचा तरी असावा लागतो. अथांग समुद्राला आव्हान देणाऱ्या खलाशाजवळ त्या क्षणी वारसा नाही, कुळ नाही, पाठीशी किनाराही नाही. आहे ती केवळ स्वतःची जिद्द. म्हणीतले ‘खाली’ हे ठिकाण तर त्याच्या पायाखालीच पसरलेले आहे. म्हणीने दिलेली ताकीद ठाऊक असूनही कवीने शब्द निवडला आणि त्या ताकिदीमुळेच तो निवड म्हणून जाणवतो. मराठीत स्वतःच्या बळावर उभ्या असलेल्या माणसाच्या ताठ मानेला निर्दोष नाव नाही, हे या शीर्षकातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही कोशातून होत नाही.

इंग्रजीचा प्रवास वेगळा आहे. ‘प्राउड’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील शूर, पराक्रमी या अर्थाच्या शब्दापासून आला असे मानले जाते. इंग्लंडात मात्र त्याला उद्धटपणाचा अर्थ लाभला. जेते ज्याला शौर्य म्हणत होते ते जितांना ताठा वाटले असावे, असे स्पष्टीकरण काही अभ्यासक देतात. ख्रिस्ती परंपरेने ‘प्राइड’ची गणना सात महापातकांत केली. तरीही आधुनिक काळात तो शब्द पापाच्या यादीतून बाहेर पडून आईबापांच्या, खेळाडूंच्या आणि नागरिकांच्या तोंडी बसला. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) या कादंबरीत एका पात्राच्या तोंडून गर्व आणि दिखाऊपणा यांत भेद केला आहे : पहिल्याचा संबंध आपले स्वतःविषयीचे मत काय याच्याशी, तर दुसऱ्याचा संबंध इतरांनी आपल्याविषयी काय मत बाळगावे याच्याशी. इंग्रजी भाषक आजही ‘प्राउड’ आणि ‘ब्रॅग’ यांतील सीमारेषा साधारणपणे याच भेदावर आखतो. मनात वाटणे क्षम्य, इतरांना ऐकवणे अशिष्ट. ऐकवायचे तर आहे, पण अशिष्ट दिसायचे नाही, या ओढाताणीतून ‘हंबलब्रॅग’ हा शब्द निघाला. अमेरिकन विनोदी लेखक हॅरिस विटल्स यांनी २०१० पासून तो लोकप्रिय केला. तक्रारीचा किंवा नम्रतेचा आव आणून केलेली बढाई असा त्याचा अर्थ. मराठीला त्या शब्दाची नड भासली नाही; ‘कसलं काय, मेलं पोराला दोन-दोन ठिकाणी बोलावणं आलंय, काय करावं कळत नाही’ हे वाक्य कोणत्याही जिन्यात पूर्वीपासून ऐकू येत आले आहे.

दासाभिमानी ते भाषाभिमानी

‘अभिमान’ हा शब्द मराठीत दोषमुक्त कसा झाला? संस्कृत शास्त्रग्रंथांत तो मुळीच निर्दोष नाही. सांख्यदर्शनात अहंकाराची व्याख्याच अभिमान या शब्दाने केली आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीच्या गणनेत, प्रचलित पाठांपैकी एका पाठानुसार, दंभ आणि दर्प यांच्या पंक्तीला अभिमान बसलेला आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांचा आरंभ ‘अमानित्व’ या गुणापासून होतो आणि त्यावरील ज्ञानेश्वरांचे विवेचन मराठी विनयाची घटना म्हणावी इतके मूलगामी आहे. अमानी पुरुषाची खोटी स्तुती केल्यास तो संकोचतो, असे ज्ञानेश्वर म्हणत नाहीत. अंगी खरोखर असलेल्या गुणांचे वर्णन झाले तरी तो व्याधाने कोंडलेल्या हरिणासारखा किंवा भोवऱ्यात सापडलेल्या पोहणाऱ्यासारखा कासावीस होतो, असे ते सांगतात. म्हणजे दोष असत्यात नसून मोठेपणाच्या उच्चारातच आहे. ‘दासबोधा’तील मूर्खलक्षणांत आपली स्तुती आपण करणारा आणि वडिलांची कीर्ती सांगत बसणारा हे दोघे जवळजवळ बसवले आहेत. स्वतःचे सांगू नये हे तर खरेच, घराण्याचे सांगून पळवाट काढावी तर समर्थांनी तीही बंद केली आहे.

मात्र याच परंपरेत ‘अभिमान’ला दुसरा अर्थ मिळाला, आणि आजच्या मराठीतील त्याची प्रतिष्ठा त्या अर्थावर उभी आहे. संतांच्या भाषेत देव भक्ताचा अभिमान धरतो. रामदासांच्या मनाच्या श्लोकांतील सलग काही श्लोकांच्या अखेरीस रामाला ‘दासाभिमानी’ असे विशेषण येते. येथे अभिमान म्हणजे फुगणे नव्हे. कोणाची तरी बाजू घेणे, त्याला आपला म्हणणे, संकटात त्याला टाकून न देणे. बलवानाने दुर्बळाविषयी पत्करलेली ही बांधिलकी आहे. जुन्या मराठीत ‘अभिमान वाटणे’ याइतकाच ‘अभिमान धरणे’ हा प्रयोग महत्त्वाचा आहे. वाटणे ही भावना, धरणे ही कृती. आज पहिला प्रयोग उरला आणि दुसरा मागे पडला, ही मराठीची हानीच मानावी लागेल.

एकोणिसाव्या शतकात हा शब्द देवाकडून देशाकडे आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४ ते १८८१) स्वभाषा आणि स्वदेश यांच्या अभिमानाला वैचारिक बैठक दिली. त्यांनी स्वतःस मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेतल्याचे सांगितले जाते. मूर्खलक्षणांच्या कसोटीवर ही सरळसरळ आत्मस्तुती ठरते. तरीही मराठी वाचकाने तिला बढाई म्हटले नाही, उलट ते बिरुद म्हणून शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचवले. कारण त्या वाक्यात ‘मी’ असला तरी तो भाषेच्या बाजूने उभा आहे. दासाभिमानी रामाची जागा तेथे भाषाभिमानी लेखकाने घेतली आहे. आचार्य अत्रे यांच्या अतिशयोक्तीलाही मराठी माणसाने असेच लळ्याने स्वीकारले. गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही, ही त्यांची ठेवणीतली मोजपट्टी विख्यात आहे. ती ते बहुतांशी दुसऱ्याचे कौतुक करण्यासाठी किंवा दुसऱ्याला झोडपण्यासाठी वापरीत, आणि स्वतःकडे वळवली तरी ऐकणारा हसण्याच्या तयारीतच असे.

‘अस्मिता’ या शब्दाचे भाग्य अधिक चमत्कारिक आहे. योगसूत्रांत अविद्या, राग, द्वेष, अभिनिवेश यांच्यासह तो पाच क्लेशांपैकी एक आहे. साधकाने जो दूर करावयाचा तो हा क्लेश. अंधेरीतील भवन्स महाविद्यालय ज्या संस्थेचे, त्या भारतीय विद्या भवनाचे संस्थापक कन्हैयालाल मुनशी यांनी गुजरातीत ‘गुजरातनी अस्मिता’ हा प्रयोग रूढ केला. मराठीतही ‘अस्मिता’ आज जपण्याची, प्रसंगी आंदोलन करून राखण्याची वस्तू झाली आहे. पतंजलींचा क्लेश संपादकीयांचा आधार झाला आणि कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. पारंपरिक मराठीत ज्या भावनेला सन्माननीय नाव नव्हते तिच्यासाठी शास्त्रातला एक दोष उचलून गुण करण्यात आला, असा याचा अर्थ आहे.

पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांडे यांनी मात्र ‘अभिमान’ या शब्दातील हवा हलकेच काढून घेतली. ‘मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर’ या लेखातील पुणेकराला लागणारा ‘जाज्वल्य अभिमान’ इतका प्रसिद्ध झाला की त्यानंतर ‘जाज्वल्य’ हे विशेषण गंभीरपणे लिहिणे कठीण होऊन बसले. त्या विनोदाचा रोख अचूक आहे. अभिमान धरायचा, पण कोणाची बाजू घ्यायची हे ठरलेलेच नाही. विषय कोणताही चालेल. बांधिलकी गळाली आणि आविर्भाव तेवढा उरला, की अभिमानाचे हसे होते.

नाद, वारा आणि मिरवणूक

बढाईच्या शब्दांत मराठी जेवढी श्रीमंत तेवढी निर्दय आहे. टिमकी वाजवणे, डांगोरा पिटणे, पाठ थोपटून घेणे हे नादाचे प्रयोग. बाता मारणे, फुशारकी मारणे, बढाया मारणे हे प्रहाराचे. टेंभा, शेखी, तोरा मिरवणे हे मिरवणुकीचे. ‘वल्गना’ मूळ संस्कृतात उड्या मारण्याशी निगडित आहे. ‘प्रौढी’ म्हणजे पूर्ण वाढ. तिला ‘आत्म’ लागले की वाढ हास्यास्पद होते. मोल्सवर्थच्या कोशाची (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) पाने चाळली तरी या कुळातील शब्दांची दाटी डोळ्यांत भरते. फारसी-अरबीच्या संपर्कातून ‘शेखी’, ‘मिजास’, ‘दिमाख’, ‘मग्रुरी’ आले. त्यांपैकी शेखी म्हणजे शेखपणा, मिजास म्हणजे प्रकृती, आणि दिमाख म्हणजे तर केवळ मेंदू. मराठीत येताना या निरुपद्रवी शब्दांना ताठा चढला. राज्यकर्त्यांच्या भाषेतील शब्द प्रजेने कोणत्या नजरेने ऐकले याचा हा पुरावा मानण्याचा मोह होतो. इंग्रजी ‘प्राउड’च्या कथेशी त्याचे साम्य आहे. परंतु उर्दूतही यांतील काही शब्दांना हे अर्थ असल्याने तो मोह आवरलेला बरा.

या सर्व प्रयोगांत एक गोष्ट समान आहे : ते दुसऱ्याविषयी वापरले जातात. ‘मी बढाई मारतो’ हे वाक्य व्याकरणशुद्ध असूनही सहसा कोणी बोलत नाही. इंग्रजीत ‘बोस्ट’ हे क्रियापद एखाद्या शहराला लावून त्या शहरात तीन संग्रहालये आहेत एवढेच निर्हेतुकपणे सांगता येते. मराठीत तसा अनुवाद केल्यास शहर वात्रट वाटू लागते. तेथे ‘लाभले आहे’ म्हणावे लागते. लाभ होतो, भाग्य असते, कृपा असते. लग्नपत्रिका ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ या शब्दांनी सुरू होते. यशाचे वृत्त आईवडिलांच्या आशीर्वादाने आणि मोठ्यांच्या पुण्याईने पूर्ण होते. २०१० मध्ये संगीतकार कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेवर साकारलेल्या गीताला ‘मराठी अभिमानगीत’ असे नाव आहे. त्या गीतातही अभिमानाला वाचा फुटते ती भाग्य आणि धन्यता यांच्या द्वारे.

व्याकरणही या दिशेला साथ देते. इंग्रजी मूल बक्षीस ‘जिंकते’. मराठी मुलाचा पहिला नंबर ‘येतो’, त्याला नोकरी ‘लागते’, त्याला गाणे ‘येते’. कर्ता चतुर्थीत किंवा षष्ठीत सरकतो आणि यश स्वतःहून चालत आल्यासारखे दिसते. यावरून मराठी माणूस स्वभावतःच विनम्र आहे असा निष्कर्ष काढण्याची घाई काही लेखनात दिसते. ती मान्य करता येत नाही. ज्याला नोकरी लागते त्यालाच तापही येतो. रचना तीच आहे. व्याकरणात नीतिशास्त्र शोधताना हा विवेक ठेवला पाहिजे. एवढे मात्र खरे की ज्याला स्वतःचे कर्तृत्व झाकायचे आहे त्याला मराठी वाक्य आडोसा देते, आणि ज्याला ते दाखवायचे आहे त्याला थोडी वाकडी वाट धरावी लागते.

ती वाकडी वाट उपनगरांतील चौकांत लटकलेली दिसते. स्थानिक कार्यकर्त्याच्या वाढदिवसाचा फलक कधीही ‘मी कर्तृत्ववान आहे’ असे म्हणत नाही. ‘धडाडीचे’, ‘लोकप्रिय’, ‘कार्यसम्राट’, ‘आधारस्तंभ’ ही विशेषणे तृतीयपुरुषी येतात आणि तळाशी ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा-वीस छायाचित्रे असतात. फलकाचा खर्च कोणी केला हे परिसरातील सर्वांना ठाऊक असते. तरीही शुभेच्छुकांवाचून फलक लागत नाही. कारण समर्थांच्या नियमाचा अक्षरशः भंग झालेला नाही : स्तुती दुसऱ्याने केली आहे. खासगी शिकवण्यांचे फलकही हीच युक्ती योजतात. वर्गाची थोरवी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांतून आणि टक्क्यांतून बोलते. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांविरुद्ध कठोर निर्देश दिले, पण हा वाङ्मयप्रकार त्यामुळे संपला नाही. त्याचे पूर्वज पोवाड्यात आणि मानपत्रात सापडतात, आणि खेळकर रूप कोकणी मंडळींच्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांत. तेथे शाहीर प्रतिपक्षाला उघड आव्हान देतो, आपल्या गुरुपरंपरेची थोरवी गातो आणि श्रोते त्याला दाद देतात. सामना संपला की बढाईही संपते.

कोणाचा रुबाब, कोणाचा माज

आतापर्यंतच्या विवेचनावरून मराठी विनय हा सर्वांना सारखाच लागू असलेला नियम आहे असा समज होईल. तो खरा नाही. एकाच वर्तनाला मराठीत दोन नावे असतात आणि कोणते नाव द्यायचे हे वर्तनावरून नव्हे, तर माणसावरून ठरते. ऐट, डौल, रुबाब हे शब्द कौतुकाने वापरता येतात. ते वतनदाराला, अधिकाऱ्याला, जावयाला शोभतात. तेच चालणे-बोलणे सुनेने केले तर तोरा, मुलीने केले तर शिष्टपणा, नोकराने केले तर मस्ती, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाने केले तर माज. ‘माज’ आणि ‘माजणे’ यांचे नाते संस्कृत ‘मद’शी आहे, जनावर माजावर येते, शेत तणाने माजते. हा शब्द माणसाला लावताना त्याला आधी जनावरांच्या पंक्तीला बसवले जाते. ‘शेफारणे’, ‘डोक्यावर बसणे’, ‘चरबी चढणे’ हे प्रयोगही वरून खालीच बोलले जातात. ‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण कोणासाठी राखून ठेवली होती हे सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच दलित साहित्याच्या संदर्भात मराठी विनयाचा पुनर्विचार अपरिहार्य ठरतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांनी अवहेलनेचे, परकेपणाचे शब्द शीर्षस्थानी लावले. हिणवणाऱ्याच्या हातातील शब्द काढून घेऊन तो स्वतः धारण करणे ही येथील स्वाभिमानाची रीत आहे. जगात इतरत्रही हीच रीत दिसते. न्यूयॉर्कमध्ये १९६९ च्या स्टोनवॉल प्रकरणानंतर समलिंगी समुदायाने आपल्या मोर्चासाठी ‘प्राइड’ हा शब्द स्वीकारला तो ऑस्टिनच्या अर्थाने नव्हे. लादलेल्या शरमेचा विरुद्धार्थी शब्द म्हणून. मुंबईत २००८ पासून निघू लागलेल्या अशाच पदयात्रेने आपल्या नावात ‘आझादी’ घेतली. मराठी वृत्तपत्रे ‘प्राइड’ हाच शब्द देवनागरीत लिहितात किंवा ‘अभिमान’ योजतात. ‘गर्व’ तेथेही बाजूलाच राहतो.

अलीकडे तरुणांच्या तोंडी ‘अभिमान नाही, माज आहे’ अशी भाषा येऊ लागली आहे. भाषेविषयी, गावाविषयी, किल्ल्यांविषयी ती बोलली जाते. सदऱ्यांवर छापली जाते. अध्यापकवर्गाला ती उर्मट वाटते. मात्र तिच्याकडे केवळ असभ्यता म्हणून पाहणे अपुरे आहे. ‘अभिमान’ हा शब्द भाषणांतून, ठरावांतून आणि पु.लं.च्या विनोदातून इतका झिजला आहे की बोलणाऱ्याला त्यात बळ वाटत नाही. ‘गर्व’ परका वाटतो. म्हणून तो घरातलाच सर्वांत जहाल शब्द उचलतो. तक्रार करायचीच तर निराळ्या मुद्द्यावर करावी लागेल. ‘बलुतं’च्या लेखकाने उचललेला शब्द त्याच्यावर फेकलेला होता. बहुसंख्याकांपैकी असलेल्या तरुणाला मराठी असल्याबद्दल महाराष्ट्रात कोणी ‘माजलास’ असे म्हटलेले नाही. त्याने हिणवणाऱ्याच्या हातून शब्द घेतला नाही. हिणवल्या गेलेल्याच्या अंगावरून घेतला आहे.

अर्जातील ‘मी’

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषदेची (नॅक) स्थापना १९९४ मध्ये झाली आणि महाविद्यालयांना स्व-अध्ययन अहवाल लिहिणे भाग पडले. आपली बलस्थाने कोणती, आपल्या उत्तम प्रथा कोणत्या, संस्थेचे वेगळेपण कशात आहे, हे संस्थेने स्वतः सांगावयाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकालाही स्वतःच्या कामाचे गुण स्वतः मांडण्यास सांगितले; २०१८ च्या नियमावलीत गुणांची रचना बदलली, पण स्वतःविषयी स्वतः लिहिण्याचे तत्त्व राहिले. ही सारी प्रपत्रे इंग्रजी वळणाच्या प्रथमपुरुषातून घडली आहेत. त्यामागे असा समज आहे की माणसाला स्वतःच्या कामाबद्दल न लाजता बोलता येते आणि तसे बोलणे म्हणजे बढाई नव्हे. मराठी माध्यमातून शिकून आलेला उपनगरातील विद्यार्थी मुलाखतीच्या खोलीत याच समजाला सामोरा जातो. त्याची बलस्थाने विचारली की तो आईवडिलांचे कष्ट आणि गुरुजनांचे मार्गदर्शन सांगतो. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर टाळल्यासारखे वाटते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याने एकमेव सभ्य उत्तर दिलेले असते. त्याला मग आत्मविश्वासाची शिबिरे सुचवली जातात. अडचण आत्मविश्वासाची नसून शब्दांची आहे, हे त्या शिबिरांत क्वचितच लक्षात घेतले जाते.

मराठीत स्वतःविषयी बोलण्याचा निराळा नमुना नाही असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. औपचारिक शिक्षण न मिळालेली ही स्त्री लिहू लागली, सभांतून बोलू लागली, रेव्हरंड टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ तिने पुरे केले. हे सर्व तिच्या जीवनकथेचा भाग असूनही तिच्या निवेदनाला कोठे आत्मप्रौढीचा वास येत नाही आणि खोट्या नम्रतेचाही येत नाही. याचे कारण तिच्या शैलीत शोधावे लागते. ती स्वतःला विशेषणे लावीत नाही, क्रियापदे लावते. काय घडले, काय केले, काय फसले, कोण हसले, एवढेच ती सांगते. फजितीही त्याच आवाजात सांगते. त्यामुळे वाचकाला तिच्या यशाचा भार वाटत नाही.

मराठी विभागांच्या वार्षिक अहवालांत मात्र याच्या उलट शैली रुळली आहे. ‘विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले’, ‘परिसंवादाचे आयोजन करण्यात आले’, ‘शोधनिबंध प्रकाशित झाला’, ‘उपक्रमास उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला’ अशा वाक्यांतून वर्षभराचे काम मांडले जाते आणि ते करणारा माणूस एकाही वाक्यात दिसत नाही. त्याच अध्यापकाने भरलेल्या इंग्रजी प्रपत्राच्या रकान्यात तोच परिसंवाद ‘मी आयोजित केला’ असा येतो. दोन्ही कागदांवर सही एकाचीच असते. मराठी कागदावरील ‘करण्यात आले’ या शब्दांत विनय किती आणि कर्त्याची जबाबदारी टाळण्याची सोय किती, हे तपासण्यासाठी एवढेच करावे लागेल : एका वर्षाचा अहवाल घ्यावा आणि त्यातील प्रत्येक ‘करण्यात आले’ खोडून तेथे केलेल्याचे नाव आणि साधे ‘केले’ लिहावे. काही वाक्ये त्यानंतरही उभी राहतील. काहींसाठी नाव सापडणार नाही.